लिव म्हणजे काय, भाऊ?

गोडादरा, सुरत
९ फेब्रुवारी २०२५

योगराजभाऊंना पुष्पाचा नमस्कार.

सगळे बरे आहोत असं लिहिणार होते, पण बरे असतो तर कागद कशाला घेतला असता? बळीराम आज त्याची ट्रॅव्हल्सची गाडी घेऊन अमळनेरला येतोय, त्याच्या हाती हे देते. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि मधे कोणाला तरी घालून ओरडून सांगावं अशी ही गोष्ट नाही. आमची खोली एकच. माझा फोन लावून देते ती गायत्री, त्यातलं वाचून दाखवते तीही गायत्रीच. आणि मला लिहायचंय ते तिच्याबद्दल.

भाऊ, तुम्ही जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. मला एका शब्दाचा अर्थ सांगा. लिव.

परवा दुपारी मी धागा कटिंगच्या साड्या शेठकडे टाकून परत आले. जिन्यातच गायत्रीचा आवाज ऐकला. गॅलरीत पाठमोरी उभी, कानाला फोन. इंग्रजी बोलायच्या क्लासला जायला लागल्यापासून ती आणि तिची मैत्रीण मयुरी इंग्रजीतच बोलतात, त्यामुळे आधी मला काही वाटलं नाही. पण आवाज रडका होता. "आय डोन्ट वाँट टू लिव." असं म्हणाली. थोडं थांबून पुन्हा तेच. मग नाक ओढलं. मी पायरीवरच थांबले.

वर गेल्यावर विचारलं, "काय व्हयनं वं माय?" तर म्हणाली, "काही नई." आणि तोंड धुवायला गेली. तेव्हापासून नीट जेवत नाही. फोन पालथा ठेवते. मी जवळ गेले की उचलून छातीशी धरते.

डोन्ट म्हणजे नको, वाँट म्हणजे पाहिजे, एवढं टीव्हीमुळे मलाही कळतं. अडलं ते लिवपाशी. खालच्या मेडिकलवाल्याला मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "भाई, लिव एटले शुं?" तो गोळ्या मोजता मोजता म्हणाला, "लिव एटले जीववुं." जगणं. भाऊ, मी पळत जिना चढून घरी आले.

रात्री ह्यांना विचारलं. खरं कारण सांगितलं नाही, दिवसभर लूमच्या आवाजात काम करून आलेला माणूस. ते म्हणाले, "लिव म्हणजे रजा. आमच्या खात्यात मास्तर रोज म्हणतो, आज फलाणा लिव पर है." मग हसले. "आपल्या पोरीला रजा नको असेल तर चांगलंच की."

आता मी कोणाचं खरं मानू? जगणं नको की रजा नको? रजेसाठी कोणी असं रडतं का?

मोरीच्या दाराची कडी मी काढून ठेवली आहे. बिघडली म्हणून सांगितलं. ती क्लासला निघाली की मी भाजीची पिशवी घेऊन मागे जाते, रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत उभी राहते. ती झोपली की तिच्या अंगावरची गोधडी हलते का बघते. असं किती दिवस करू?

लवकर लिहा. बळीराम परवा परत निघेल.

तुमची पुष्पा


अमळनेर
११ फेब्रुवारी

चि. पुष्पास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी घाबरलो, मग दोनदा वाचलं आणि जरा सावरलो. तूही सावर.

मेडिकलवाला खोटं बोलला नाही आणि पंडितरावही नाहीत. कारण हा एक शब्द नाही, दोन आहेत. एक आखूड: लिव्ह. त्याचा अर्थ जगणं, राहणं. स्पेलिंग एल-आय-व्ही-ई. दुसरा लांब: लीव्ह. त्याचं स्पेलिंग एल-ई-ए-व्ही-ई. इंग्रज माणूस 'ली' लांबवतो, म्हणून त्याच्या कानाला ते वेगळे लागतात. आपण सगळे दोन्हीला लिवच म्हणतो. वर्गात मी घसा कोरडा करायचो, पोरं मान डोलवायची आणि पुन्हा लिवच म्हणायची.

हा दुसरा शब्द मोठा उद्योगी आहे. गाडी स्टेशन सोडते तेव्हा लीव्ह. नोकरी सोडली तरी लीव्ह. छत्री गाडीत राहून गेली तरी तिला आपण लीव्ह केलं. 'लीव्ह इट' म्हणजे जाऊ दे, नाद सोड. 'लीव्ह मी अलोन' म्हणजे मला एकटीला राहू दे. कामावरून मागतात ती रजा, तीही लीव्ह. निघून जाणं आणि मागे ठेवणं, दोन्ही कामं तो एकटाच करतो.

आता बघ. 'आय डोन्ट वाँट टू लीव्ह' म्हणजे मला सोडून जायचं नाही. वयात आलेली मुलगी असं कधी म्हणते? तुम्ही तिच्या लग्नाचं काही काढलं आहे का? गावाकडचं एखादं स्थळ? किंवा क्लास बंद कर म्हणालात का? मला तर हे असलंच काहीतरी दिसतं. आपली गायत्री लहानपणापासून बोलकी, खाणारी-पिणारी पोर आहे. दुसरा अर्थ मनात आणू नकोस.

मात्र तिला थेट विचारू नकोस. या वयात मुलांना टोकलं की ती गोगलगायीसारखी आत जातात. तिच्या नकळत तो शब्द कुठे लिहिलेला दिसतो का पाहा. मधे ई आणि ए शेजारी शेजारी असले, तर निर्धास्त झोप. ती दोन अक्षरं खाली मोठी काढून देतो.

पाठलाग बंद कर. कडी परत लाव.

तुझा भाऊ योगराज


गोडादरा, सुरत
१५ फेब्रुवारी

भाऊंना नमस्कार.

देवाने ऐकलं. ई आणि ए आहेत!

तुम्ही थेट विचारू नको म्हणालात, पण झालं भलतंच. परवा गायत्रीला मोरीच्या दाराची कडी माझ्या पत्र्याच्या डब्यात सापडली. कडी हातात घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "मम्मी, ही बिघडलेली नाहीये. तू काढलीस. आणि रोज रिक्षापर्यंत मागे येतेस ते मला दिसत नाही का? मी काय केलंय?" मला जे रडू आलं ते थांबेना. रडता रडताच म्हणाले, "तुले जगनं नको शे ना? मी आयकं. तू फोनवर बोलनी."

तिने कडी खाली ठेवली. मग माझ्याजवळ खाली बसली. म्हणाली, "मी नाही गं. ते मयुरीचं वाक्य आहे. मी क्लासच्या मॅडमना तिचा मेसेज वाचून दाखवत होते."

मयुरी तुम्हाला माहीत नाही. परभणीकडची पोर, मागच्या सोसायटीत भाऊ शुभम आणि वहिनी किरण यांच्याजवळ राहते. शुभम इथून जवळच्या सचिन गावात मिलमध्ये आहे. पोर गुणी. आमच्या घरी आली की माझ्या शेजारी बसून साडीचे धागे कापू लागते. दिवाळीच्या सुमाराला तिच्या हातावर पांढरे डाग उठले, आता मानेवरही आलेत. कोड म्हणतात ते. जमलेलं लग्न मोडलं. ती जिथे साड्यांवर स्टोन चिकटवायला जायची तिथल्या बाया तिच्या डब्याला हात लावेनात. घरी वहिनीने तिचं ताट-वाटी वेगळी केली. आता शुभम म्हणतो, तू गावी जा, इथे लोक विचारतात. तिला जायचं नाही. म्हणून तिने लिहिलं, मला लीव्ह करायचं नाही. गायत्रीने कोणाला सांगणार नाही अशी शपथ घेतली होती, म्हणून फोन लपवत होती. मॅडमनी शुभमला समजवावं एवढ्यासाठी तिने फक्त मॅडमना फोन केला होता.

तरी मी म्हटलं, दाखव. तिने मेसेज दाखवला. तुमचा कागद शेजारी धरून मी एकेक अक्षर लावून बघितलं. ई, मग ए. तुम्हीही बघावं म्हणून गायत्रीकडून पूर्ण वाचून घेतला, तसाच लिहिते: आय डोन्ट वाँट टू लीव्ह. आय ट्राइड. नाऊ आय एम टायर्ड. इंग्रजीत का, तर वहिनी तिचा फोन बघते आणि वहिनीला इंग्रजी येत नाही.

बिचारीचं वाईट वाटतं. पण भाऊ, माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. काल पोटभर जेवले. गायत्रीला मांडे करून घातले. मयुरीही दोन दिवसांपूर्वी येऊन गेली होती, आता बरीच शांत वाटते म्हणे. गावी जायचं मनाने घेतलं असेल. तिची इंग्रजीची मोठी डिक्शनरी आणि कानातले गायत्रीला देऊन गेली. मला तिथे काय लागणार आहे, म्हणाली.

कडी परत लावली. माझ्या फोनची चार्जिंगची पिन मोडली आहे, तो दुरुस्तीला टाकलाय. काळजी नसावी.

तुमची पुष्पा


अमळनेर
१६ फेब्रुवारी, संध्याकाळ

पुष्पा,

हे वाचून झालं की उभी राहा आणि मयुरीकडे जा. स्वयंपाक, साड्या, काही बघू नकोस.

मी तुला चुकीचं सांगितलं. स्पेलिंगवर विसंबायला नको होतं. आपली पोरं ऐकतात तसं लिहितात. लिव लिहायचं म्हटलं की हाताला येईल ते लिहितात, लिव्हच्या जागी लीव्ह, लीव्हच्या जागी लिव्ह. मी असल्या वह्या जन्मभर तपासल्या, आणि वेळेला मलाच ते आठवलं नाही.

तिची तीन वाक्यं एकत्र वाच. सोडून जायचं नाही, असं म्हणणारा माणूस काय सोडायचं नाही तेही सांगतो. सुरत सोडायचं नाही, घर सोडायचं नाही. तिने काहीच लिहिलेलं नाही. आणि पुढे काय म्हणते? मी प्रयत्न केला. आता मी थकले. राहण्यासाठी भांडणारी मुलगी असं बोलत नाही. त्यात डिक्शनरी दिली, कानातले दिले, आणि एकाएकी शांत झाली. पुष्पा, मला ही शांतता नको वाटते.

शेजारच्या गजेंद्रकडून तुझ्या फोनवर सारखा फोन लावून घेतला. बंद आहे. पंडितरावांचा लागतो, पण लूमच्या आवाजात कोण उचलतो? गायत्रीचा नंबर माझ्याजवळ नाही. म्हणून बळीरामला हात जोडले आहेत की सकाळी गाडी लागल्या लागल्या हे तुझ्या हातात दे.

गेल्यावर आडून आडून बोलू नकोस. सरळ मराठीत विचार की तुला मरावंसं वाटतंय का. विचारल्याने ते मनात भरत नाही. असतं ते बाहेर येतं. तिने हो म्हटलं तर रागावू नकोस, देवाधर्माचं ऐकवू नकोस. तिच्याजवळ बसून राहा, आणि दवाखान्यात ने. एकटी सोडू नकोस.

जा.

योगराज


अमळनेर
१९ फेब्रुवारी

पुष्पा,

बळीराम परत आला. पत्र तुझ्याच हाती दिलं म्हणतो. तू तिथेच वाचलंस आणि चपला घालायला धावलीस, एवढंच त्याने पाहिलं.

काल गजेंद्रने तुझा फोन लावला तेव्हा कोणीतरी उचलला. बाई रडत होती, काही बोलली नाही, फोन कट झाला. त्यानंतर उचलतच नाहीत. मी गजेंद्रला विचारलं, आवाज पुष्पाचा होता का? तो म्हणतो, काका, रडण्याचा आवाज मी कसा ओळखू?

दोन ओळी पाठव. जे असेल ते लिही. माझ्याने घरात बसवत नाही, बसस्टँडवर जाऊन बसतो.

योगराज


गोडादरा, सुरत
२० फेब्रुवारी

मामा, गायत्रीचा नमस्कार.

मयुरी जिवंत आहे. हे सगळ्यात आधी लिहिते. माझं मराठी आठवीपर्यंतच झालंय, पुढे गुजराती, तर चुका झाल्या तर समजून घ्या. मम्मी दवाखान्यात मयुरीजवळ आहे, ती म्हणाली मामांना तू लिही.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी केस धूत होते. मम्मीने नुसती हाक मारली, गायत्री चाल. मी तशीच ओल्या केसांनी निघाले. मम्मीच्या एका पायात तिची चप्पल आणि एका पायात माझी. रस्त्यात तिने सांगितलं. मी म्हटलं, अगं पण मी स्वतः वाचलंय, ई-ए आहे. ती म्हणाली, "आग लागो त्या ई-ए ले."

मयुरीकडे किरणवहिनी ओट्यावर बसून लेस गुंडाळत होती. म्हणाली, "झोपलीय. डोकं दुखतंय म्हणे. उठवू नका."

मम्मी म्हणाली, "उठवायला नाही आले. बसायला आले."

आत गेलो. आतल्या खोलीचं दार बंद होतं, आतून कडी. मम्मी त्या दाराला टेकून जमिनीवर बसली. म्हणाली, "मयुरी, मी पुष्पाकाकू. तुला दार नसेल उघडायचं तर नको उघडूस. मी इथेच आहे." आतून काही नाही. मग मम्मी उगाच बोलत राहिली, वाटाणे किती स्वस्त झालेत, शेठने नवीन साड्या दिल्यात त्यांचे धागे किती बारीक आहेत. मला वाटलं, हिला झालंय काय? मी दार वाजवायला हात उचलला तर तिने माझा हात पकडला.

मग एकदम तिने विचारलं, "मयुरी, तुला मरावंसं वाटतंय का गं?"

किरणवहिनी ओरडलीच, "अवो, काय अभद्र बोलताय!" मम्मीने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पुन्हा म्हणाली, "मला खरं सांग. मी रागावणार नाही, कोणाला रागावू देणार नाही, आणि इथून उठणारही नाही."

आतून आवाज आला, "हो."

मामा, इतका हळू आवाज होता. मी तिची सगळ्यात जवळची मैत्रीण, पण मला ती कधी असं म्हणेल हे माहीत नव्हतं. वहिनीच्या हातातली लेस खाली पडली, गोल गोल उलगडत बाहेर गेली. दार लगेच उघडलं नाही. मम्मी म्हणाली, "बरं. कळलं मला. आता माझ्याकडे ये." मग कडी वाजली.

मयुरीने केस विंचरले होते, लग्न ठरलं तेव्हाचा ड्रेस घातला होता. मम्मीने तिचे दोन्ही हात धरले, डागांसकट, आणि तिला मांडीवर घेतलं, लहान बाळासारखं. मयुरी म्हणाली, "काकू, आज ठरवलं होतं." पुढचं मम्मीने बोलू दिलं नाही. म्हणाली, "आज माझ्या घरी जेवायचं ठरलंय."

शुभमभाईला बोलावून आम्ही तिला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे मनाच्या डॉक्टर आहेत, मॅडम आहेत, त्यांनी ॲडमिट करून घेतलं. म्हणाल्या, औषध लागेल, वेळ लागेल, एकटी ठेवू नका. चामडीच्या डॉक्टरांनीही सांगितलं, हा रोग हात लावल्याने होत नाही, जेवल्याने होत नाही. शुभमभाई तिथे भिंतीकडे तोंड करून रडला. तो म्हणत होता, मी तिला लोकांच्या बोलण्यापासून लांब पाठवत होतो.

मम्मीचा फोन दुरुस्त होऊन आला होता, तो किरणवहिनीने उचलला होता. मी वहिनीलाही एकटी सोडली नव्हती, आमच्या घरी बसवलं होतं. फोन वाजला तर तिला वाटलं दवाखान्यातून काही वाईट आलं, म्हणून बोलताच आलं नाही. मग आम्ही सगळे दवाखान्यात होतो, फोन घरीच राहिला. माफ करा.

मामा, एक विचारू? मी दहा वेळा तो मेसेज वाचला होता. मला स्पेलिंग येतं याचं मला किती बरं वाटलं होतं. मी उलट उत्तर पाठवलं होतं, डोन्ट वरी, यू विल नॉट लीव्ह. तिच्यासाठी लीव्ह म्हणजे जगणं होतं, तर तिने ते काय वाचलं असेल?

तुमची गायत्री


अमळनेर
२२ फेब्रुवारी

चि. गायत्रीस,

पत्र बसस्टँडवरच वाचलं. बळीरामने मला चहा पाजला.

तू विचारलंस त्याचं उत्तर देतो. तिने काय वाचलं ते मला ठाऊक नाही. कदाचित तिने 'तू आम्हाला सोडून जाणार नाहीस' असंच वाचलं असेल, जे तिला कोणीतरी म्हणायला हवं होतं, म्हणून ती तुला भेटायला आली असेल. कदाचित उलटही असेल. ती बरी झाली की तीच सांगेल. तोवर तू त्यावर विचार करत बसू नकोस. तू उत्तर पाठवलंस, मॅडमना फोन केलास, मैत्रिणीसाठी रडलीस. बाकीच्यांनी तर तिचं ताट वेगळं केलं होतं.

यापुढे तिच्याशी महत्त्वाचं बोलायचं असेल तर समोर बसून बोल, ज्या भाषेत ती रडते त्या भाषेत. इंग्रजी क्लासपुरतं राहू दे. हे एका इंग्रजीच्या मास्तरचं सांगणं आहे.

आईला म्हणावं, तिने थोडं झोपावं.

मामा


गोडादरा, सुरत
२३ मार्च

भाऊंना नमस्कार.

महिनाभर तुम्हाला नीट लिहायला बसता आलं नाही. मयुरीला दवाखान्यातून सोडल्यावर आमच्याच खोलीत ठेवलं होतं. हे रात्रपाळीला असले की आम्ही तिघी, दिवसपाळीला असले की हे गॅलरीत पथारी टाकायचे. कधी कुरकुर केली नाही. उलट येताना तिच्यासाठी खमण आणायचे.

पोर सुधारली असं एकदम म्हणू नका. काही दिवस उठायची, माझ्याबरोबर धागे कापायची. काही दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहायची, तिला पाणीही मी तोंडाला लावायचे. त्या दिवसांत माझा जीव मुठीत. मोरीत गेली की मी बाहेरून काहीतरी विचारत राहायचे. साबण आहे का? टॉवेल घेतलास का? ती आतून म्हणायची, "आहे, काकू. घेतला, काकू." तिलाही कळायचं मी का विचारते.

मग तिचे वडील आले, काशिनाथ. शुभमने त्यांना बोलावलं होतं. मला वाटलं, आता हे नेणार तिला, आणि तिकडे कोंडून ठेवणार. मी मनात भांडणाची तयारी करून बसले होते. म्हातारा माणूस, डोक्याला फेटा, शुभमच्या ओट्यावर टेकला. गल्लीतल्या बाया दारादारातून बघत होत्या. मी मयुरीला घेऊन तिथे गेले तशी ती ओढणीने हात झाकायला लागली. ते म्हणाले, "लेकरा, मला कुणी सांगितलंच न्हाई. शुभ्या म्हणला तिला करमंना, म्हणून गावाला धाडतो. एवढंच."

किरणने त्यांना जेवायला वाढलं. ते म्हणाले, "तिचं पण आण." मयुरीचं ताट आलं. भाऊ, त्यांनी स्वतःचं ताट बाजूला सारलं आणि लेकीच्या ताटातून जेवले. सगळ्या गल्लीसमोर, सावकाश, शेवटचा घास होईपर्यंत. किरण गॅसपाशी जाऊन उभी राहिली, पाठ करून. मग बाहेर आली आणि मयुरीच्या जवळ बसून तिनेही एक घास घेतला. तिला गिळवत नव्हता, पण भीतीमुळे नाही. ती रडत होती.

जेवण झाल्यावर काशिनाथांनी विचारलं, "येतीस का ऱ्हातीस? तुझं तू सांग." मी मयुरीकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर माझ्या डोळ्यांकडे बघून तिने राहते म्हटलं असतं. तिने उष्टं ताट उचलून ठेवलं. मग म्हणाली, "थोडे दिवस येते, बाबा. पण परत येणार." औषधाची पिशवी मी बांधून दिली. तिकडे जिल्ह्याच्या ठिकाणी कोणत्या डॉक्टरला दाखवायचं ते दवाखान्यातल्या मॅडमनी लिहून दिलंय.

ती गेली आणि घर मोठं वाटायला लागलं. गायत्री क्लासला जाते, पण गप्प येते. मी मयुरीला बजावून ठेवलंय, रोज दिवे लागले की फोन. काही बोलू नकोस, नुसतं जेवले म्हण. ती करते. "काकू, जेवले." मी म्हणते, "बरं." झालं. एवढ्याशा बोलण्यावर मी रात्र काढते.

काल फोन आला नाही.

मी लावला, बंद. शुभमला बोलावलं, त्याने वडिलांचा लावला, तोही बंद. गायत्री म्हणाली रेंज नसेल. हे म्हणाले झोप. मी झोपले नाही. कपाळाला हात लावून बसून राहिले. मनात तेच. आपण जाऊ द्यायला नको होतं, आपण का जाऊ दिलं. पहाटे पाणी आलं ते भरलं नाही. साड्यांचा गठ्ठा तसाच पडला.

आज सकाळी नऊच्या सुमाराला फोन वाजला. मला हात लावायची हिंमत होईना. गायत्रीने उचलून माझ्या कानाला लावला.

"काकू, कालपासून लाईट नव्हती. फोन बंद पडला. आत्ता शेजारच्या मळ्यात चार्ज केला."

भाऊ, मी तिच्यावर ओरडले. असं ओरडले की खालचा मेडिकलवाला वर बघायला लागला. म्हटलं, अक्कल आहे का तुला, दुसऱ्याच्या फोनवरून लावता येत नव्हता, माझा जीव घेतेस का, इथे आलीस की तुझे पाय मोडते. डॉक्टर मॅडमनी सांगितलं होतं, तिच्यावर रागावू नका. मी सगळं विसरले. मी आपली बोलत सुटले, आणि मग घाबरून गप्प झाले, की हे काय करून बसले.

तिकडून काहीच आवाज नाही.

मग ती हसली. आधी थोडं, मग मोठ्याने. हसता हसता म्हणाली, "काकू, अजून एकदा रागवा ना."

तुमची पुष्पा